बेचाळिसावा लाल चेहरा

आमच्या दुकानात नवीन माणूस लागला की पहिल्या दिवशी त्याला तीन गोष्टी सांगायच्या. डबा कुठे ठेवायचा, जिन्याच्या कोणत्या पायरीला ठेच लागते, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी काही बोलल्या तर मनावर घ्यायचं नाही. या तीन गोष्टी अंगवळणी पडल्या की तो माणूस टिकला म्हणून समजा.

दुकान कपड्यांचं, तीन मजली. दुसरा मजला तरुण मुलामुलींचा. तिथेच मागच्या कोपऱ्यात सहा ट्रायल रूम, आणि त्यांच्या तोंडाशी एका उंच स्टुलावर मावशी. कोणी किती कपडे आत नेले ते मोजायचे, तेवढ्या आकड्याचा प्लास्टिकचा बिल्ला द्यायचा, माणूस बाहेर आला की पुन्हा मोजून बिल्ला परत घ्यायचा, नको असलेले कपडे हँगरला लावायचे. काम एवढंच. बोलणं हे कामात नव्हतं, ते त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. माझं बिलाचं काउंटर त्यांच्यापासून दहा पावलांवर, त्यामुळे त्यांचा एकही शब्द माझ्या कानांतून सुटलेला नाही.

वय सहासष्ट, अंगाने बुटक्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि गळ्यात कायम मापाचा टेप. टेपचं आता काहीच काम नव्हतं, पण टेप काढला तर थंडी वाजते म्हणायच्या. त्याचं कारण असं की ट्रायल रूमपाशी बसण्याआधी एकोणतीस वर्षं त्या याच दुकानाच्या आल्टरेशनच्या खोलीत होत्या. आलेला माल तपासायचा, गिऱ्हाइकाच्या अंगाला बसत नसेल तर कमीजास्त करून द्यायचा. पुढे हात कापायला लागले, आणि आल्टर करून घेणारी माणसंही उरली नाहीत. खोली बंद झाली, तिथे आता रिकामी खोकी असतात. मोठ्या मालकांनी मावशींना स्टूल दिलं आणि म्हणाले, "बसा इथे निवांत." निवांत बसणं मावशींच्या कुंडलीतच नाही.

एकदा एक पोरगा इतकी घट्ट पँट घालून बाहेर आला की चालताना गुडघे वाकेनात. मावशींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बसून दाखव," त्या म्हणाल्या.

"अं?"

"बस रे, त्या खुर्चीवर बस."

त्याने प्रयत्न केला. अर्ध्यावरच थांबला.

"म्हणजे आयुष्यभर उभाच राहणार आहेस? जा, एक नंबर मोठी आण."

तो लाल झाला, पण गेला आणि एक नंबर मोठी घेऊन आला. घेताना हसतही होता.

फाटक्या जीनवाल्यांना ठरलेलं वाक्य होतं. "नवी घे आणि माझ्याकडे आण, फुकट फाडून देते." एका मुलीचा ड्रेस खांद्यावरून घसरत होता. तिला म्हणाल्या, "खांदा बघ कुठे चाललाय, कोपराला भेटायला." ती मुलगी फोटो काढून मैत्रिणींना पाठवत होती, कसा दिसतोय म्हणून. "पाच जणींना विचारतेस, समोर एवढा मोठा आरसा आहे त्याला विचार की. तो फुकट सांगतो आणि खोटं बोलत नाही." आणि कोणी कपडे आत जमिनीवर टाकून निघालं तर काही खरं नव्हतं. "परत ये. उचल ते. कपडा माणसाने शिवलाय, झाडाला नाही लागला."

फक्त पोरांवरच राग होता असंही नाही. पन्नाशीचे एक गृहस्थ पोट आत ओढून आरशासमोर उभे होते, तर त्यांना म्हणाल्या, "आता श्वास घ्या. घ्या, घ्या, मी थांबते." पण त्यांचा खरा विषय म्हणजे हल्लीची पिढी. वळण नाही, ताळतंत्र नाही, अंगात काय घातलंय त्याची शुद्ध नाही. दिवसातून दहादा आम्ही ऐकायचो. मी मान डोलवायचे आणि बिल करायचे.

गंमत म्हणजे बोलून घेऊनही पोरं परत यायची. पण सगळीच नाही. काही जणं कपडे तिथेच टाकून तोंड वाकडं करून निघून जायची, आणि मालकांच्या मुलीने दुकान हातात घेतल्यापासून ही वाकडी तोंडं तिला दिसायला लागली होती.

मॅडम वाईट नाहीत, आधीच सांगून ठेवते. शिकलेल्या, शांत, आवाज चढवत नाहीत. त्यांनी एकदा आम्हा सगळ्यांना वर ऑफिसात बोलावलं. मावशींना सोडून. म्हणाल्या, "ट्रायल रूमच्या दाराशी एक यंत्र लावतेय. तीन चेहरे असतील, हिरवा हसरा, मधला पिवळा, आणि लाल रडका. जाताना गिऱ्हाईक दाबेल. महिनाभर बघू. तीसच्या वर लाल झाले तर मावशींना घरी बसवायचं. व्यवस्थित, मानाने. पण बसवायचं."

सगळे मूग गिळून बसले, मीही. आणि खाली येऊन मावशींना हे सांगायचं कोणी, तर कोणीच नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? त्यांनी गार्डला विचारलं, हे काय लावलंय, तर तो म्हणाला, "कसं वाटलं ते दाबायचं," आणि जिना उतरून पसार झाला.

घरी बसवायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. मावशी पुतण्याकडे राहायच्या. पुतण्या चांगला, सूनही चांगली, पण दोघं सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात. "रविवारी मी खिडकीशी बोलते," असं एकदा त्या सहज म्हणाल्या होत्या. "सोमवारी इथे आले की तोंडाचा गंज निघतो." त्या स्टुलावरून त्यांना उठवलं तर वर्षभरात बाई वाळून जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. तरी मी गप्प बसले.

आता माझी गोष्ट सांगायला हवी, म्हणजे माझ्या मुलीची.

माझी मुलगी एकोणीस वर्षांची. तिचे बाबा बाहेरगावी नोकरीला, वर्षातून दोनदा येतात. त्यांचे जुने शर्ट ही घालून फिरते, गुडघ्यापर्यंत येणारे, खांदे दंडावर लोंबणारे. ते एक ठीक. पण यंत्र लागायच्या थोडं आधी तिने डोक्याची एक बाजू मशीन फिरवून साफ केली आणि दुसरीकडचे केस तसेच खांद्यापर्यंत ठेवले. संध्याकाळी दार उघडलं आणि हे समोर. पण मी अवाक्षर काढलं नाही. "चहा घेतेस?" एवढंच विचारलं. हल्लीच्या मुलांना टोकायचं नाही, भांडणं होतात, मुलं दूर जातात, असं मी सतरा ठिकाणी ऐकलं होतं. त्यामुळे मी समजूतदार आई. मला त्याचा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

तर महिन्यातल्या तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळी ती मला न्यायला दुकानात आली. काउंटरपाशी उभी राहिली. मावशींचं लक्ष गेलंच.

"काय गं हे? अर्ध्यावर न्हाव्याचा हात दुखायला लागला का?"

मुलगी हसली. "मुद्दाम केलंय, आजी."

"मुद्दाम! आणि हा शर्ट? यात तू एकटीच आहेस की आत अजून कोणी राहतं?"

दोन गिऱ्हाइकं खुदकन हसली. मीही हसले. मग मावशी माझ्याकडे बोट करून मुलीला म्हणाल्या, "तुझी तरी काय चूक म्हणा. आई दिवसभर दुनियेची बिलं करते, घरात पोरीच्या डोक्यावर केस आहेत की नाहीत ते बघायला तिला वेळ कुठाय?"

मी तेव्हाही हसले. "मावशी, तुम्ही पण ना!" असं काहीतरी म्हटलं. मुलीला खाली पाठवलं, थांब म्हटलं, आलेच. काउंटर बंद केलं, पर्स घेतली. मावशी आत हँगर लावत होत्या, त्यांची पाठ होती. मी त्या यंत्रापाशी गेले आणि लाल चेहरा दाबला. एकदाच, पण बोट दुखेपर्यंत. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

माझ्या लेकराला चारचौघांत बोलते म्हणजे काय! असं घरापर्यंत मनात म्हणत राहिले. राग माझ्या नाकावरच असतो, आणि नाकावरचा राग उतरला की पश्चात्तापाने झोप लागत नाही, असा माझा जन्माचा नेम आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं, एका लालने काय होतंय. तिसऱ्या दिवशी वाटलं, तीसला एकच कमी असेल तर? पण दाबलेलं परत घेता येत नाही, मी विचारून पाहिलं होतं गार्डला, आडून आडून.

त्याच आठवड्यात कधीतरी लक्षात आलं की मुलीचा तो बाबांचा निळा शर्ट आता बरा दिसतोय. खांदा खांद्यावर होता. धुऊन आटला असेल म्हटलं, आणि पोळपाट काढायला वळले.

महिना संपला. मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. एकटीला, कारण मी मावशींच्या सगळ्यात जवळ बसते. टेबलावर कागद होता.

"हिरवे एकशे अठरा, पिवळे सात," त्या म्हणाल्या, "आणि लाल बेचाळीस." मग कागद माझ्याकडे सरकवला. "मला वाईट वाटतंय. पण आता मावशींना सांगावं लागेल. तुम्ही सोबत याल का?"

बेचाळीस! मी कागदाकडे बघत राहिले, बघायचं म्हणून. प्रत्येक चेहऱ्यासमोर दिवस आणि वेळ छापली होती. नऊ पन्नास, लाल. नऊ बावन्न, लाल. नऊ पंचावन्न, लाल. दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊ अठ्ठेचाळीस.

"मॅडम," मी म्हटलं, "आपलं शटर साडेदहाला उघडतं."

त्यांनी कागद परत ओढून घेतला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सकाळी पावणेदहाला दुसऱ्या मजल्यावर एकच माणूस असतं.

आम्ही खाली गेलो. मावशी स्टुलावर होत्या. मॅडमनी विचारलं, "मावशी, सकाळी या यंत्रावर कोणी बोट लावतं का?"

"कोणी कशाला, मी लावते." मावशी तडक म्हणाल्या. "रोज सकाळी नवा माल येतो तो मी बघते. आल्टरेशनला होते तेव्हाही बघायचे, ती सवय काही जात नाही. पण मी म्हणते, नुसतं यंत्र लावून ठेवायचं आणि बघायचं कोणी नाही? महिना झाला मी लाल दाबतेय, एक कपडा तुमच्या माणसांनी परत पाठवला नाही!"

त्या उठल्या आणि भिंतीतलं कपाट उघडलं. आत शर्ट, पँट, ड्रेस ओळीने टांगलेले, आणि प्रत्येकाच्या लेबलाला लाल दोऱ्याची गाठ. आल्टरेशनच्या खोलीची ही जुनी रीत होती, मलाही मग आठवली. तपासलेल्या मालाला दोरा बांधायचा. हिरवा म्हणजे पास. पिवळा म्हणजे थोडं काम आहे. लाल म्हणजे कारखान्यात परत. यंत्रावरची अक्षरं बारीक, चष्मा लावूनही लागेनात, पण हे तीन रंग त्या एकोणतीस वर्षं ओळखत होत्या. त्यांना वाटलं, मॅडमना जुनी पद्धत पटली, फक्त दोऱ्याऐवजी यंत्र आणलं.

"हा बघा, काज कापलेत आणि बटणं दुसरीकडेच. या ड्रेसची बगलेतली शिवण एका धुण्यात उसवेल. याची एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब." त्या एकेक कपडा काढून मॅडमच्या हातात देत होत्या. मॅडमनी सगळे मोजले. एक्केचाळीस.

मॅडम त्या स्टुलावर बसल्याच. हसावं की रडावं त्यांना कळेना. मग, हे मात्र त्यांचं मानलं पाहिजे, त्यांनी खरं ते सांगितलं. यंत्र कपड्यांसाठी नव्हतं, मावशी. तुमच्यासाठी होतं. गिऱ्हाइकांनी तुमच्याबद्दल सांगायचं होतं.

मावशी हातातला ड्रेस तसाच धरून उभ्या राहिल्या.

"माझ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं?"

मी खाली बघितलं.

"मग मला विचारायचं ना. मी काय लपून बोलते?"

"चुकलंच," मॅडम म्हणाल्या. "पण ऐका तर खरं. मुलांनी एकशे अठरा हिरवे दाबलेत, सगळे दुकान उघडल्यानंतरचे. लाल सगळे तुमचेच आहेत. तुम्ही कुठेही जायचं नाही. हे यंत्र मी आजच काढते, आणि माल इथून पुढे तुम्हीच तपासायचा."

झालं, गंगेत घोडं न्हालं, असं मला वाटलं. मी काउंटरकडे वळत होते, तेवढ्यात मावशींनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"लाल एकूण किती आहेत?"

"बेचाळीस."

"कपडे एक्केचाळीस आहेत. बेचाळिसावा कोणाचा?"

मॅडमनी कागद पाहिला. "गुरुवार, संध्याकाळी सहा दहा. जाऊ दे हो मावशी, एकाचं काय घेऊन बसलात!"

पण त्या घेऊन बसल्याच.

दुसऱ्या दिवसापासून दुसरा मजला मुका झाला. पोरं कपडे घालून बाहेर यायची, मावशींसमोर उभी राहायची, मावशी म्हणायच्या, "छान आहे." काहीही घाला, छान आहे. तो घट्ट पँटवाला पोरगा आला होता, पिवळीधमक पँट घालून. मावशींसमोर येऊन आपणहून म्हणाला, "बसून दाखवू?"

"नको बाळा. छान आहे."

त्याने जरा वेळ वाट पाहिली. मग पँट हँगरला लावून ठेवली आणि न घेताच गेला. जाताना मला विचारलं, "आजींना बरं नाही का?"

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, दुसरं काय. डबा खाताना त्या माझ्याजवळ बसायच्या आणि तेच तेच घोळवायच्या. "गुरुवारी कोण कोण आलं होतं गं? ती चष्मेवाली होती का? तिला मी जाडी तर नाही म्हटलं? कोणाचं लेकरू असेल. घरी जाऊन रडलं असेल. तोंडावर बोललं असतं तर समजलं तरी असतं, माफी मागितली असती. गपचूप दाबून गेलं, म्हणजे किती लागलं असेल बघ." मी डब्यातली भाजी नुसती चिवडत राहायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही, त्या "लेकरू" म्हणाल्या की मला वाटायचं माझ्याकडे बघूनच म्हणतायत.

असे दोन आठवडे गेले. मग एका शनिवारी त्या मॅडमना सांगून आल्या, या महिन्याअखेर मी थांबते. मॅडमनी नाना परीने समजावलं. "नको," मावशी म्हणाल्या. "माझ्या बोलण्याने एक जरी पोर दुखावून गेलं असेल तर त्या स्टुलावर बसायचा मला हक्क नाही. आणि न बोलता मला तिथे बसवत नाही."

रविवार मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. सोमवारी सकाळी साडेनऊलाच दुकानात गेले. मावशी नव्या मालाचं खोकं उघडून बसल्या होत्या, मांडीवर शर्ट, शेजारी दोऱ्यांची रिळं.

"मावशी," मी म्हटलं, "तो लाल माझा होता."

त्यांनी वर पाहिलं.

"तुम्ही माझ्या मुलीला बोललात त्या गुरुवारी. मला राग आला. जाताना मी दाबला."

"तू?" त्या म्हणाल्या. "तू तर हसली होतीस."

"हो."

"हसलीस, मावशी तुम्ही पण ना म्हणालीस, आणि मागे जाऊन दाबलंस?"

"हो. मुलीच्या नावाने दाबला, पण लागलं होतं ते मला. तिला बघायला मला वेळ नाही म्हणालात ना, ते."

मावशी पुन्हा शर्टाकडे वळल्या. शर्टाची बाही उलटी केली, शिवण ताणून पाहिली, सुलटी केली. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी अंग चोरून उभी होते. सुटला असता तर बरं झालं असतं.

"तुझी लेक आली होती," त्या शांतपणे म्हणाल्या. "दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी. तू डबा खायला वर गेली होतीस."

"कशाला?"

"भांडायला. समोर उभी राहिली, अशी, हाताची घडी घालून. म्हणाली, आजी, माझ्या केसांना काय म्हणायचं ते म्हणा, मला चालतं. माझ्या आईला नाही बोलायचं. ती आठ तास उभी असते, मग घरी येऊन स्वयंपाक करते. तिला वेळ नाही असं चारचौघांत म्हणायचं नाही."

मी मागे भिंतीला टेकले.

"मी म्हटलं, चुकलं बाई माझं. कान पकडले. मग म्हणाली, आता शर्टाचं सांगा, खरंच वाईट दिसतो का? म्हटलं, वाईट दिसतो. तिने तो तिथल्या तिथे काढून दिला, आत बनियन होता तिच्या अंगात. मी खांदे आत घेतले, बाह्या उचलल्या. हात कापतात माझे, अर्धा तास लागला. तोवर बसली होती इथे खाली, पाय पसरून, मला सुईत दोरा ओवून देत." त्यांनी मान हलवली. "म्हणून तर मला कळेना बेचाळिसावा कोणाचा. तुझ्या लेकीचा नाही, एवढं मला ठाऊक होतं. ती असलं दाबून पळणारी नाही."

मला म्हणायचं होतं, मावशी मला माफ करा. त्याऐवजी मी खाली पडलेलं एक रीळ उचलून त्यांच्या शेजारी ठेवलं.

"चाळीस वर्षं मी पोरांना म्हणतेय, वळण नाही, वळण नाही," मावशी म्हणाल्या, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजाला धार आली. "वळण कोणाला नाही ते आत्ता कळलं मला. एवढी घोडी झालीस, काय लागलं ते दहा पावलं चालून येऊन सांगता येत नाही?"

"नाही येत," मी म्हटलं. "पण आज आले."

"पंचवीस दिवसांनी!" त्या कडाडल्या. मग हातातला शर्ट माझ्या अंगावर टाकला. "धर हा. कॉलर बघ याची, कुत्र्याने चावल्यासारखी. लाल दोरा बांध. आणि मॅडमना सांग, मी कुठे जात नाही. तोंडावर बोलणारी एक तरी बाई पाहिजे या मजल्यावर."

मी गाठ बांधली. पहिली सैल झाली, तर त्यांनी ती सोडायला लावली आणि पुन्हा बांधून घेतली. साडेदहाला शटर उघडलं आणि अकराच्या आत कोणाला तरी ऐकू आलं, "हा ड्रेस आहे की पडदा?" खालच्या मजल्यावरचा गार्ड म्हणे हात जोडून उभा राहिला.

त्या संध्याकाळी घरी गेले तेव्हा तो निळा शर्ट दोरीवर वाळत होता. मी तो काढून उलटा केला. खांद्याची शिवण हाताची होती, कापऱ्या हाताची, टाके थोडे वरखाली, पण पक्के. कॉलरच्या आत, लेबलाला हिरव्या दोऱ्याची बारीक गाठ होती. तीन आठवडे मी हा शर्ट धुतला होता, वाळत घातला होता, घडी करून ठेवला होता.

मुलगी आतून आली. "काय बघतेस?"

मी तिच्याकडे वळले आणि नीट पाहिलं. साफ केलेल्या बाजूला आता बोटभर केस आले होते, उभे, खरखरीत. कानाच्या मागे एक तीळ होता. तो ती लहान असताना न्हाऊ घालताना दिसायचा, मी विसरूनच गेले होते.

"केस मला अजिबात आवडलेले नाहीत," मी म्हटलं. "भयानक दिसतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, झालं, आता भांडण. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसली.

"दोन महिने झाले, आई," ती म्हणाली. "मला वाटलं तुला दिसलंच नाही."